गाऱ्हाणे ते अर्ज : माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्ज आणि मदतनीसाचे काम



माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात दहा रुपयांत होतो. एका अर्जात एकच विषय असावा आणि मागणी दीडशे शब्दांत बसावी, असे राज्याचे नियम २०१२ पासून सांगतात. शासनाच्या पोर्टलवर हा अर्ज घरबसल्या भरता येतो. मग मदत कशासाठी हवी? बटण कुठे दाबायचे ते दाखवण्यासाठी? तेवढेच काम असते तर आठवीतले पोर ते पाच मिनिटांत करून देते. अर्ज अडतो तो त्याच्या आधी, गाऱ्हाण्यापाशी. माणसाजवळ गाऱ्हाणे असते, कार्यालयाजवळ कागद असतो आणि कायद्याने हाती येतो तो कागद. गाऱ्हाण्यातून नेमक्या कागदाचे नाव काढणे, हेच या मदतीचे मुख्य काम. बाकी सगळे त्याच्या पुढेमागे येते.

आपल्या नगर जिल्ह्याची या विषयाशी दोन कारणांनी जवळीक आहे. एक भूगोलाचे, एक इतिहासाचे.

भूगोल आधी. नगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर, चौदा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोकसंख्या. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला जिल्हा कचेरी गाठायची तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि एवढे करून साहेब दौऱ्यावर असले, तर पुन्हा दुसरी खेप. अर्ज दहा रुपयांचा, पण तो पोहोचवायला शेकडो रुपये. ऑनलाइन अर्जाने हे अंतर पुसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने पोच दिली. टेबलावरचा कारकून अर्ज घेत नाही, घेतला तर शिक्का देत नाही, हा जुना अनुभव. पोर्टल अर्ज घेताक्षणी नोंदणी क्रमांक देते, आणि तो क्रमांक नाकारता येत नाही.

आता इतिहास. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांचे राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यात आहे. पाणलोटाच्या कामातून हे गाव नावारूपाला आले. पुढे हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात एकच अडचण वारंवार आडवी आली : आरोप करायला पुरावा हवा, पुरावा सरकारी कागदात आणि कागद कुलुपात. १९९७ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावरून माहितीच्या अधिकाराची मागणी सुरू झाली. २००० साली राज्याने एक कायदा केला, पण तो इतका लुळा होता की त्याच्या जोरावर फारसे काही मिळेना. २००२ मध्ये नवा, दमदार कायदा अध्यादेशाच्या रूपाने आला. त्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ऑगस्ट २००३ मध्ये, हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसलेले असताना.

त्याच काळात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन ही संघटना गावोगावी जनसुनावण्या घेत होती. तिथे कशाचे वाचन होई? भाषणांचे नव्हे. हजेरीपटांचे, देयकांचे, प्रमाणकांचे. हजेरीपटावर मजूर म्हणून कोणाचे नाव लागले आहे, ते गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले जाई. मेलेल्या माणसाचे नाव निघाले की पुढे काही सांगावे लागत नसे. माहितीच्या अधिकाराची चळवळ जन्मापासून अशी कागदाची नावे घेत आली आहे. हे ध्यानात ठेवले तर आजचा ऑनलाइन अर्ज कसा लिहावा, हे निम्मे तिथेच कळते.

केंद्राच्या माहिती अधिकार अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती १५ जून २००५ रोजी मिळाली आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो लागू झाला. पुढच्याच वर्षी फायलींवरील टिपण्या या कायद्यातून वगळण्याचा घाट घातला गेला. ऑगस्ट २००६ मध्ये आळंदीत हजारे यांचे उपोषण झाले, देशभर विरोध झाला आणि ती दुरुस्ती बारगळली. निर्णय कोणी, कोणत्या तारखेला, काय शेरा मारून घेतला, हे सांगणारी टिपणी आज मागता येते, ती त्यामुळे.

आता मदतीकडे. तिचे टप्पे पाच.

पहिला टप्पा : अर्जाची गरज आहे का, हे पाहणे. कायद्याचे कलम ४ प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सतरा बाबींची माहिती आपणहून जाहीर करायला सांगते. हेतू असा की लोकांना अर्ज करण्याची पाळीच कमी यावी. सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, निविदा, शासन निर्णय : यातले पुष्कळ आज सरकारी संकेतस्थळांवर खुले आहे. जे पाच मिनिटांत पडद्यावर दिसते, त्यासाठी तीस दिवस वाट का पाहावी? शिवाय राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये निर्णय काढून जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय ठेवली. नगर शहरात किंवा जवळपास राहणाऱ्याला अनेकदा सोमवारची एक दुपार पुरते. फाइल आधी डोळ्यांखालून घातली की अर्जात नेमकी पाने मागता येतात. आंधळी मागणी आणि डोळस मागणी यांत हाच फरक.

दुसरा टप्पा : गाऱ्हाण्याचा कागद करणे. हा सगळ्यांत मोलाचा, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे.

समजा, गाऱ्हाणे असे आहे : 'आमच्या गावचा रस्ता एका पावसात वाहून गेला. असा निकृष्ट रस्ता का केला आणि दोषींवर कारवाई का नाही?' प्रश्न रास्त आहे. पण हा अर्ज गेला तर उत्तर काय येईल? 'प्रश्नार्थक माहिती देय नाही.' हे उत्तर नेहमीच पळवाट नसते. गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की 'का' या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या व्याख्येत येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की कार्यालयाजवळ जे अभिलेख आहेत ते द्यायचे; नवी माहिती तयार करणे किंवा कागदाचा अर्थ लावून देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही.

मग 'का'चे उत्तर कुठे दडलेले असते? ते कागदांतच असते, फक्त तुकड्यातुकड्यांनी. रस्त्याच्या बाबतीत मागणी अशी होते :

'मौजे अमुक ते मौजे अमुक या रस्त्याच्या कामासंबंधी १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीतील पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : १) मंजूर अंदाजपत्रक, २) कार्यारंभ आदेश, ३) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, ४) ठेकेदारास अदा केलेली देयके, ५) साहित्याच्या गुणवत्ता चाचणीचे अहवाल, ६) काम पूर्णत्वाचा दाखला, ७) दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारातील पान.'

पन्नाससाठ शब्दांत काम झाले. अंदाजपत्रकात खडीचा थर किती जाडीचा, मोजमाप पुस्तिकेत किती लिहिला आणि जमिनीवर किती भरतो : तीन आकडे शेजारी ठेवले की 'का' आपोआप बोलू लागतो. दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घेता येते, हेही त्याच कागदावरून कळते. एवढ्यावरही भागले नाही, तर कायदा कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही देतो.

दुसरे उदाहरण दुष्काळाचे. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागांना टँकर नवा नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या टंचाईत टँकर आणि चारा छावण्या जिल्ह्याने पुष्कळ पाहिल्या. 'टँकर येत नाही' हे गाऱ्हाणे. कागद कोणते? टँकर मंजुरीचा आदेश, मंजूर खेपांची संख्या, टँकरचे लॉगबुक, जीपीएसचा अहवाल, खेप पोहोचल्याबद्दल गावातून घेतलेल्या सह्यांचे रजिस्टर आणि पुरवठादाराचे देयक. छावणीचे असेल तर जनावरांच्या रोजच्या संख्येची नोंदवही आणि चारा-पेंडीची देयके. मदतनीसाजवळ संगणक असण्याआधी अशी कागदांची यादी असली पाहिजे. ती मिळते कुठे? निवृत्त ग्रामसेवक, तलाठी, कनिष्ठ अभियंता, लेखापरीक्षक : ज्यांनी आयुष्यभर हेच कागद लिहिले, त्यांच्या तोंडी. गावातल्या निवृत्त कर्मचाऱ्याला यात ओढून घेतले तर त्याच्यासारखा मदतनीस नाही.

तिसरा टप्पा : कागद कोणाच्या कपाटात आहे, ते ठरवणे. तोच रस्ता घ्या. गावरस्ता आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. डांबर एकच, धनी तीन. अर्ज चुकीच्या दारी गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य दारी पाठवणे बंधनकारक आहे, पण त्या भरवशावर बसू नये.

ऑनलाइन अर्जात ही चूक जास्त महाग पडते. केंद्र सरकारचे पोर्टल वेगळे आणि महाराष्ट्र शासनाचे वेगळे. केंद्राचे पोर्टल २०१३ मध्ये सर्व मंत्रालयांसाठी खुले झाले. रेल्वे, टपाल, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीयीकृत बँका यांच्यासाठी तेच वापरायचे. भिंगारची छावणी परिषदही नगर शहराच्या शेजारी असली तरी संरक्षण मंत्रालयाच्या कक्षेत येते. उलट तहसील, जिल्हा परिषद, पोलीस, पाटबंधारे ही सगळी राज्याची. राज्याच्या कार्यालयाचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर टाकला तर तो परत येतो आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. न्यायालयांची दारे आणखी वेगळी : सर्वोच्च न्यायालयाचे स्वतःचे पोर्टल नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२३ मध्ये त्याने सर्व उच्च न्यायालयांनाही तशी पोर्टले उघडण्याचा आदेश दिला. राज्याच्या पोर्टलवरील यादीत एखादे कार्यालय सापडलेच नाही तर? मग जुनी वाट मोकळी आहेच : 'जोडपत्र अ' नमुन्यातला कागदी अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि टपालाने रवानगी.

इथे नगर जिल्ह्याचा म्हणून एक खास प्रश्न येतो. साखर कारखान्याची माहिती मागता येते का? पतसंस्थेची? दूध संघाची? प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला आणि पुढे हा जिल्हा सहकाराचेच आगर झाला. म्हणून हा प्रश्न इथे घरोघरचा आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळमधील सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : शासनाने लक्षणीय प्रमाणात अर्थसाह्य दिले नसेल तर सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही. म्हणजे कारखान्याच्या नावाने केलेला अर्ज बहुधा फेटाळला जाणार. दार बंद झाले का? पुढचे बंद झाले, बाजूचे उघडे आहे. सहकार निबंधक आणि साखर आयुक्त ही सरकारी कार्यालये आहेत. कायद्याने जी माहिती ते संस्थेकडून मागवू शकतात, ती त्यांच्यामार्फत नागरिकाला मागता येते. लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, चौकशीचे आदेश हे कागद तिथे असतात. शिवाय संस्थेच्या सभासदाला सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली ताळेबंद, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा वेगळा हक्क आहेच. शिर्डीचे साईबाबा संस्थान मात्र २००४ च्या राज्य कायद्याने स्थापन झालेले. त्याला सहकारी संस्थांचा हा निकाल लागू पडत नाही.

चौथा टप्पा : अर्ज प्रत्यक्ष भरणे. यात बारीकसारीक गोष्टीच जास्त. मजकूर युनिकोड मराठीत टाइप केलेला हवा. डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर पोर्टलवर चिकटवला तर त्याची चिन्हांची खिचडी होते आणि अधिकाऱ्याला 'अर्ज वाचता येत नाही' असे म्हणायला आयते कारण मिळते. अर्ज नागरिकाच्या स्वतःच्या नावाने असावा; हा अधिकार नागरिकाचा आहे, संस्थेच्या लेटरहेडचा नव्हे. माहिती का हवी, याचे कारण देण्याची गरज नाही. कलम ६(२) तसे साफ सांगते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो.

आणि मोबाइल क्रमांक कोणाचा? प्रश्न किरकोळ वाटतो, पण अर्ज इथेच हरवतात. सेवा केंद्रचालकाने सवयीने स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा ईमेल टाकला, तर पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात. जादा शुल्काचे पत्र येते, मुदत निघून जाते आणि अर्जदार मात्र 'सरकारने उत्तरच दिले नाही' म्हणत राहतो. क्रमांक अर्जदाराचाच हवा. त्याच्याकडे साधा फोन असेल तर नोंदणी क्रमांक आणि तारीख जाड अक्षरांत कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावी.

ज्याला लिहिता येत नाही, त्याचे काय? कायद्याने त्याची सोय आधीच केली आहे. तोंडी विनंती करणाऱ्याला ती लेखी करून देण्यास सर्व वाजवी साह्य करणे, हे कलम ६(१) प्रमाणे खुद्द जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. पहिला मदतनीस तोच. बाहेरच्या मदतनीसांनी ही गोष्ट लोकांना सांगत राहिले पाहिजे.

पाचवा टप्पा : दिनदर्शिका. अर्ज पाठवला की काम संपले, असे समजणाऱ्याचे अर्ज बहुधा तिथेच विरतात. उत्तराची मुदत तीस दिवस. माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य यांचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. प्रतीचा खर्च सामान्य आकाराच्या पानाला दोन रुपये. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर तीस दिवसांत पहिले अपील, त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, वीस रुपये शुल्क भरून. त्याने तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा. तिथेही समाधान झाले नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. नगर जिल्ह्यासाठी आयोगाचे नाशिक खंडपीठ. माहिती नाकारणे योग्य होते, हे सिद्ध करण्याचा भार अधिकाऱ्यावर असतो, अर्जदारावर नाही. दोषी अधिकाऱ्याला रोज २५० रुपयांप्रमाणे कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आयोगाकडे अपिले तुंबलेली असतात, हे खरे. म्हणूनच पहिला अर्ज इतका नेमका असावा की दुसऱ्या अपिलापर्यंत जावेच लागू नये.

श्रोतेहो, पाच टप्पे झाले. आता मदतीच्या मर्यादा. प्रत्येक कागद मिळत नाही. देशाची सुरक्षा, चालू तपास, व्यापारी गुपिते यांना कलम ८ मध्ये अपवाद आहेत. वैयक्तिक माहितीच्या अपवादात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने दुरुस्ती केली आणि पूर्वी त्या पोटकलमातच असलेल्या व्यापक जनहिताच्या अटी गाळल्या. कलम ८(२) मधील जनहिताची तरतूद मात्र शिल्लक आहे. त्यामुळे व्यक्तीऐवजी व्यवहार मागावा : अमक्याची माहिती मागण्यापेक्षा अमक्या योजनेतील खर्चाची, निकषांची आणि मंजुरीची कागदपत्रे मागावीत.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. जमीन-घोटाळे उघड करणारे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे खून झाला. ऑनलाइन अर्जामुळे समोरासमोर जाणे टळते, पण नाव-पत्ता अर्जावर राहतोच. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार पत्त्याऐवजी टपाल पेटी क्रमांक देता येतो. वाळू, जमीन, ठेकेदारी अशा विषयांत एकट्या माणसाला पुढे करण्यापेक्षा गावातील अनेकांनी तोच अर्ज करणे शहाणपणाचे.

तिसरी मर्यादा मदतनीसाच्या स्वतःच्या वागणुकीची. मिळालेला कागद दाखवून ठेकेदाराकडून पैसे उकळणारेही असतात, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक अर्जदारही 'आरटीआयवाला' म्हणून हिणवला जातो. यावर उतारा एकच : मिळालेले उत्तर उघडे ठेवणे. ब्रिटनमध्ये २००८ पासून 'व्हॉट डू दे नो' नावाचे संकेतस्थळ चालते. त्यावरून अर्ज केला की अर्ज आणि उत्तर दोन्ही सर्वांना दिसतात. दुसऱ्याला तेच पुन्हा विचारावे लागत नाही. आपल्याकडे उत्तर एका माणसाच्या पिशवीत जाते आणि तिथेच राहते. गावच्या वाचनालयात आलेल्या उत्तरांची एक फाइल, त्यातली खासगी नावे-पत्ते झाकून, ठेवायला कोणते पोर्टल लागते? जो कागद सर्वांनी पाहिला, त्याच्या जोरावर कोणालाच पैसे मागता येत नाहीत.

सारांश असा. जे खुले आहे ते आधी पाहावे. गाऱ्हाण्यातून कागदाचे नाव काढावे. कागद कोणाच्या कपाटात आहे ते ठरवावे. अर्ज नागरिकाच्या नावाने आणि त्याच्याच क्रमांकावर भरावा. तारखा लिहून ठेवाव्यात आणि उत्तर सर्वांसाठी खुले करावे. यातले पोर्टलवर घडते ते फक्त एक. बाकीची कामे चावडीवर, वाचनालयात, सेवा केंद्राच्या बाकावर, दोन माणसांच्या बोलण्यातून होतात.